वाचकांचे प्रश्न: हॅम रेडिओवरचे चित्र आणि त्याची दुखणी

हॅम म्हणजे हौशी रेडिओवरून स्थिर चित्रे पाठवण्याची स्लो-स्कॅन पद्धत आणि ३२ रेषांचा अरुंद पट्ट्याचा टीव्ही या दोन विषयांवर नागपूर व परिसरातील वाचकांनी बरेच प्रश्न विचारले आहेत. त्यांपैकी इतरांच्याही कामी येतील अशा प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. एक विनंती. बिघडलेले चित्र पुसून टाकू नका, साठवून ठेवा. या छंदात मल्टिमीटरच्या आधी चित्रच बिघाडाचा पत्ता सांगते.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवाना नाही. अंतराळ स्थानकावरून येणारी चित्रे घरच्या गच्चीवरून मिळतील का? किमान काय लागेल?
(प्रतापनगर)

मिळतील. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अधूनमधून जाहीर कार्यक्रम ठरवून १४५.८०० मेगाहर्ट्झवर एफएममध्ये चित्रे सोडली जातात. बहुतेक वेळा त्यांचा प्रकार पीडी-१२० असतो. एक चित्र ६४० बाय ४९६ बिंदूंचे असते आणि पूर्ण उतरायला १२६ सेकंद लागतात. स्थानक क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत जास्तीत जास्त दहाएक मिनिटे हाती असतात आणि दोन चित्रांमध्ये थोडी विश्रांतीही असते. म्हणून एका फेरीत दोन-तीन चित्रे मिळाली तर फेरी उत्तम झाली असे समजा.

ऐकण्यासाठी आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप पुरेसा आहे. स्वस्त मिळतो म्हणून वॉकी-टॉकी घेऊ नका. त्यात ट्रान्समीटर असतो आणि या पट्टीचा ट्रान्समीटर परवान्याशिवाय बाळगता येत नाही.

अँटेना घरीच करा. सर्वात सोपा म्हणजे ४९ सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियम काड्या, १२० अंशांच्या कोनात, आडव्या. एक काडी कोॲक्सच्या (अँटेनाच्या गोल केबलच्या) मधल्या तारेला, दुसरी जाळीला. याहून चांगले हवे असेल तर स्टीलच्या मेजपट्टीचा तीन काड्यांचा यागी, म्हणजे एका दिशेने जास्त ऐकणारा अँटेना करा. मागची पट्टी १०५ सेंटिमीटर, पुढची ८९, मधली ४५-४५ चे दोन तुकडे आणि त्यांच्यात अडीच सेंटिमीटर फट. त्या फटीवर सुमारे १३ सेंटिमीटर तार केसाच्या आकड्यासारखी वाकवून दोन्ही तुकड्यांना जोडायची आणि तिथेच कोॲक्स द्यायची. मागची पट्टी मधलीपासून २० सेंटिमीटरवर, पुढची ३२ सेंटिमीटरवर. पट्टीवरचा रंग सँडपेपरने नीट घासल्याशिवाय सोल्डरचा डाग धरत नाही.

पहिल्या प्रयत्नात चित्र हुकते ते सहसा पुढच्या कारणांनी. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) चालू राहतो आणि सिग्नल जरा कमी झाला की आवाजच कापला जातो. तो पूर्ण उघडा ठेवा. एसडीआरमध्ये एफएमची रुंदी जास्त ठेवल्याने खरखर वाढते; १२ ते १५ किलोहर्ट्झ ठेवा. स्थानक जवळ येताना वारंवारता सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि दूर जाताना तितकीच खाली दिसते. इतक्या रुंदीत ती बहुतांशी सामावते, पण स्क्रीनवर ठिपका सरकताना दिसला तर मधोमध आणत राहा. चौथे कारण वेळ. जाहीर वेळापत्रक बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवा. रात्रीच्या फेरीला तारीखही बदलते.

आवाज डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये साठवा, एमपी३ नको. फाइल असेल तर चित्र पुन्हा पुन्हा उलगडून पाहता येते. विंडोजवर एमएमएसएसटीव्ही, लिनक्सवर क्यूएसएसटीव्ही, अँड्रॉइडवर रोबोट३६ ही साधने चालतात. कमाल उंची तीस अंशांहून कमी असलेल्या फेऱ्या सुरुवातीला सोडून द्या. शेजारच्या इमारती आणि झाडे त्या खाऊन टाकतात.

माझी सगळी चित्रे खाली जाताना उजवीकडे झुकतात. रंग बरोबर, आवाज स्वच्छ. दोष कुठे?
(नंदनवन)

दोष साउंड कार्डाच्या घड्याळात आहे. स्लो-स्कॅनमध्ये चित्र म्हणजे निव्वळ वेळेत मांडलेले सूर: १५०० हर्ट्झ म्हणजे काळा, २३०० म्हणजे पांढरा, मधले सगळे राखाडी, आणि प्रत्येक रेषेच्या आरंभाची खूण १२०० हर्ट्झची. मार्टिन-१ प्रकारात एक रेषा ४४६.४४६ मिलिसेकंदांची असते. तिच्यात आधी हिरवा, मग निळा, मग लाल असे तीन रंग, प्रत्येकी १४६.४३२ मिलिसेकंद. अशा २५६ रेषा, म्हणजे ११४ सेकंद. इतका वेळ पाठवणारा आणि घेणारा यांची घड्याळे एकमेकांना न विचारता जुळून चालायला हवीत.

हिशेब करून पाहू. एका बिंदूला १४६.४३२ भागिले ३२०, म्हणजे ०.४५८ मिलिसेकंद मिळतो. तुमचे कार्ड दहा लाखांत शंभर इतकेच चुकत असले, तरी ११४ सेकंदांत ११.४ मिलिसेकंदांचा फरक साचतो आणि चित्राचा तळ २५ बिंदू सरकतो. म्हणजे मार्टिन-१ मध्ये एक बिंदू सरकला की चूक दहा लाखांत चार. खाली उजवीकडे झुकते याचा अर्थ कार्डाचा खरा वेग प्रोग्रामने धरलेल्या वेगापेक्षा जास्त आहे. समजा तळ ४० बिंदू उजवीकडे गेला. चूक झाली दहा लाखांत १६०. प्रोग्राममध्ये ११०२५ असा आकडा असेल तर त्यात १.७६ मिळवून ११०२६.७६ लिहा. डावीकडे झुकत असेल तर तेवढेच वजा करा.

पण त्याआधी तीन-चार वेगवेगळ्या स्टेशनांची चित्रे शेजारी ठेवून पाहा. सगळीच सारखी झुकत असतील तर घड्याळ तुमचे चुकले आहे. एकाच स्टेशनचे चित्र झुकत असेल तर दुरुस्ती त्याच्याकडे व्हायला हवी. त्याच्यासाठी तुमची जुळणी बिघडवू नका. प्रोग्राम आपोआप तिरकेपणा काढतो त्या सोयीवर विसंबू नका असा आमचा आग्रह आहे. ती सोय आलेल्या चित्राला सरळ करते, तुम्ही पाठवलेले चित्र मात्र समोरच्याकडे तिरकेच जाते. काही कार्डांत ऐकण्याचे आणि पाठवण्याचे वेग वेगळे असतात, त्यासाठी पाठवण्याची दुरुस्ती स्वतंत्र द्यावी लागते.

चित्र झुकत नसेल, पण मध्येच कापल्यासारखे होऊन पुढचा सगळा भाग एकदम बाजूला सरकत असेल, तर तो निराळा आजार. संगणकाने आवाजाचा तुकडा गाळला आहे. बफर वाढवा, ब्राउझर बंद करा, यूएसबीची वीजबचत बंद करा आणि कार्ड हबऐवजी थेट संगणकाला लावा.

व्हीयू३ हा हॅम परवाना नुकताच मिळाला. यूएसबी-सिरियल मॉड्यूलवरून पीटीटी (प्रसारण सुरू करणारा स्विच) जोडला, पण मॉड्यूल लावले की रेडिओ आपोआप प्रसारणावर जातो. शिवाय समोरचे म्हणतात चित्र खरखरीत आहे.
(खामला)

दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत, दोन्ही सुटतात.

जुन्या सिरियल पोर्टवर आरटीएस, म्हणजे संगणकाची आज्ञा नेणारी तार रिकाम्या वेळी ऋण असते. सीपी२१०२सारख्या मॉड्यूलवर ती उलट, म्हणजे रिकाम्या वेळी ३.३ व्होल्टवर असते आणि आज्ञा मिळाली की शून्यावर येते. तुम्ही ऑप्टोकपलरचा (आतल्या उजेडावर चालणाऱ्या स्विचचा) एलईडी आरटीएस आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावला असणार, म्हणून तो कायम पेटलेला राहतो. पीसी८१७ ऑप्टोकपलर घ्या. त्याचा ॲनोड ४७० ओहममधून मॉड्यूलच्या ३.३ व्होल्ट पिनेला आणि कॅथोड आरटीएसला जोडा. ५ व्होल्टची पिन वापरू नका, कारण ५ आणि ३.३ मधल्या १.७ व्होल्टवरही एलईडी थोडा पेटतो आणि पीटीटी अर्धवट दाबल्यासारखा होतो. ज्यांच्याकडे खरा सिरियल पोर्ट आहे त्यांनी आरटीएस व ग्राउंडमध्येच १ किलोओहम घालून जोडावे आणि एलईडीला उलटा १एन४१४८ डायोड समांतर लावावा. नाहीतर ऋण १२ व्होल्ट त्याला मारून टाकतात.

खरखरीचे कारण बहुधा आवाजाची पातळी. संगणकातून एक व्होल्टच्या आसपास निघते, माइकला दहा मिलिव्होल्ट पुरतात. १० किलोओहम मालिकेत आणि १०० ओहम जमिनीकडे असा भागक लावा आणि त्याच्या आधी ६०० ओहमचा एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. तो गाळून पैसे वाचवू नका, संगणक आणि रेडिओ यांच्या जमिनीतून फिरणारी ५० हर्ट्झची गुरगुर तोच अडवतो. मग एक स्थिर सूर सोडा, एएलसीची (प्रसारणाची पातळी आपोआप आवरणाऱ्या सोयीची) सुई जेमतेम हलेपर्यंत आवाज वाढवा आणि ती पुन्हा स्थिर होईपर्यंत कमी करा. स्पीच प्रोसेसर बंद. पातळी जास्त झाली की १२०० हर्ट्झच्या खुणेची दुप्पट, २४०० हर्ट्झ, तयार होते. ती पांढऱ्याच्या २३०० ला लागूनच असल्याने समोरच्याचा प्रोग्राम गोंधळतो.

आता शक्तीबद्दल. बोलताना रेडिओ क्षणभर जोर लावतो आणि दम घेतो. चित्र पाठवताना मात्र ११४ सेकंद अखंड पूर्ण जोर. शंभर वॅटचा रेडिओ चाळीसवर चालवा. नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा. त्या दुपारी दोन चित्रांमध्ये हीटसिंकला हात लावून पाहा, चटका बसला तर थांबा. संगणकाचे बाकी सूचना-आवाज हवेत जाऊ नयेत म्हणून रेडिओसाठी स्वतंत्र यूएसबी साउंड कार्ड ठेवा. आणि प्रसारण सुरू करण्याआधी आपल्या परवान्यात ही पट्टी आणि हा उत्सर्जन-प्रकार दिला आहे ना, हे वाचून घ्या.

कोणता प्रकार वापरावा आणि कुठे ऐकावे?
(जरीपटका)

१४.२३० मेगाहर्ट्झ, यूएसबी (इथे अर्थ अप्पर साइडबँड). सर्वात जास्त वर्दळ तिथेच. पट्टे खुले, म्हणजे दूरचे सिग्नल येत असतील तेव्हा २१.३४० आणि २८.६८० ही पाहा. मार्टिन-१ किंवा स्कॉटी-१ (११० सेकंद) बहुतेक ठिकाणी चालतात. सिग्नल वरखाली होत असेल तर रोबोट-३६ घ्या, छत्तीस सेकंदांत काम होते. रंगांचे बारकावे कमी राहतात पण चित्र पूर्ण मिळते. पाठवण्याआधी किमान एक पूर्ण चित्र होईल इतका वेळ ऐका. चित्रावर स्वतःचे कॉलसाइन (परवान्यातला ओळख-संकेत) मोठ्या, जाड अक्षरांत लिहा. बारीक अक्षरे खरखरीत वाचता येत नाहीत. लोकेटर, म्हणजे नकाशावरच्या चौकटीचा संकेत द्यायचा असेल तर नागपूर एमएल९१ मध्ये येते.

संध्याकाळी चित्रावर ठिपक्यांच्या तिरप्या रांगा उमटतात. सकाळी काही नसते.
(मानेवाडा)

घरातल्या किंवा शेजारच्या पंख्याचा रेग्युलेटर तपासा. गोल फिरणारा, मध्ये कुठेही थांबणारा रेग्युलेटर ट्रायॅकवर (वीज तोडून-जोडून वेग बदलणाऱ्या स्विचवर) चालतो आणि प्रत्येक अर्ध्या चक्राला एक टोचणी सोडतो, म्हणजे सेकंदाला शंभर. मार्टिन-१ च्या एका रेषेत अशा ४४.६ टोचण्या बसतात. आकडा पूर्णांकात येत नाही, म्हणून प्रत्येक रेषेत ठिपके थोडे सरकतात आणि तिरपी रांग तयार होते. एक-दोन-तीन-चार अशा ठरावीक पायऱ्यांचा रेग्युलेटर सहसा कपॅसिटरवर चालतो आणि तो असा त्रास देत नाही. घरातली एकेक वस्तू बंद करत जा. मेन स्विच बंद करून बॅटरीवर रेडिओ चालवला आणि ठिपके तरीही राहिले, तर स्रोत बाहेर आहे. ठिपके नियमित नसून धुरकट पट्टे असतील तर स्वस्त एलईडी दिवा किंवा चार्जर पाहा. रेडिओतला नॉइज ब्लँकर (टोचण्या कापणारी सोय) लावून इलाज करू नका, तो १२०० ची खूणही कुरतडतो.

एमएमएसएसटीव्हीत काही प्रकारांच्या नावापुढे एन असतो. ते काय?
(धरमपेठ)

अरुंद प्रकार. नेहमीचे चित्र १५०० ते २३०० या आठशे हर्ट्झमध्ये पसरते. अरुंद प्रकारात काळा २०४४, पांढरा २३०० आणि रेषेची खूण १९०० हर्ट्झला, म्हणजे सगळा खेळ चारशे हर्ट्झच्या आत. त्यामुळे घेणाऱ्याला अरुंद फिल्टर लावता येतो आणि शेजारचा गोंगाट बाहेर राहतो. किंमत मोजावी लागते ती डायलच्या अचूकपणात. नेहमीच्या प्रकारात ५० हर्ट्झ चुकलात तर २५६ छटांपैकी १६ चा फरक पडतो. अरुंद प्रकारात तेवढ्याच चुकीला ५० छटा जातात आणि चेहरा अंधारतो. रेडिओ अर्धा तास तापू द्या, मगच वापरा. आणि समोरच्याला आधी सांगा, कारण प्रत्येक प्रोग्राम हे प्रकार ओळखत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. प्रदर्शनासाठी फिरत्या तबकडीचा ३२ रेषांचा टीव्ही मुलांकडून करून घ्यायचा आहे. मापे आणि अडचणी सविस्तर सांगाव्यात.
(हिंगणा रोड)

फार चांगला विषय निवडलात. टीव्ही म्हणजे काय हे पडद्यामागे न लपता दिसणारे यंत्र हेच. निपकॉव्हचे तबकडीचे पेटंट १८८४ चे, बेअर्डने लंडनमध्ये प्रात्यक्षिक दाखवले ते २६ जानेवारी १९२६ ला. बेअर्डच्या ३० रेषा होत्या. आजचे हौशी लोक १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या नॅरो बँडविड्थ टेलिव्हिजन असोसिएशनचे प्रमाण वापरतात: ३२ उभ्या रेषा, सेकंदाला साडेबारा चित्रे, रेषा खालून वर आणि रेषांचा क्रम उजवीकडून डावीकडे. रुंदी-उंची दोनास तीन.

तबकडी ३०० मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर ॲल्युमिनियमची, दोन्ही बाजूंनी मॅट काळी. ३२ छिद्रे, दोन छिद्रांत ११.२५ अंश. पहिले छिद्र केंद्रापासून १४० मिलिमीटरवर, नंतरचे प्रत्येक ०.५५ मिलिमीटरने आत, शेवटचे १२२.९५ वर. समोरून पाहताना छिद्रांची ही गोगलगाय घड्याळाच्या दिशेने आत जावी, तबकडी उलट दिशेने फिरावी आणि चित्र उजव्या बाजूला, घड्याळात तीन असतात तिथे पाहावे. चित्र साधारण १७.६ बाय २५.८ मिलिमीटरचे होते. समोर भिंग ठेवले तर मुलांना बरे पडते.

छिद्र ०.६ मिलिमीटरचे. पीसीबीचे ड्रिल बिट नागपूरच्या बर्डी बाजारात मिळते; दहाएक घेऊन ठेवा, मोडतातच. आराखडा ए३ कागदावर छापा. तबकडीची कड कागदाबाहेर जाईल पण छिद्रांचे वर्तुळ २८० चे असल्याने ते मावते. छापताना शंभर टक्के माप निवडा. प्रिंटर कागदात बसवण्यासाठी चित्र लहान करतो आणि सगळे गणित बिघडते. छापल्यावर पट्टीने १४० मोजा, मगच कागद चिकटवा.

प्रत्येक छिद्राला आधी बारीक पंचाने खूण करा. इथे घाई केली की पस्तावाल. केंद्रापासूनचे अंतर ०.१ मिलिमीटरने चुकले तर तिथे कायमची काळी किंवा उजळ उभी रेघ दिसते. कोन अर्ध्या अंशाने चुकला तर ती रेषा १.२ मिलिमीटर वर किंवा खाली सरकते, म्हणजे दोन बिंदूंहून जास्त, आणि नाकाचा शेंडा गालावर जातो.

वेग मिनिटाला ७५० फेरे, आणि तो स्थिर हवा. १२ व्होल्टची डीसी मोटर, तिला चालवायला टीआयपी१२२ ट्रान्झिस्टर. तबकडीच्या मागे केंद्राजवळ ३२ काळ्या आणि ३२ पांढऱ्या पट्ट्यांचे छापील वर्तुळ चिकटवा आणि समोर उजेडाचे परावर्तन ओळखणारा टीसीआरटी५००० सेन्सर. पूर्ण वेगाला त्यातून ४०० हर्ट्झ निघतात, आणि चित्राच्या सिग्नलमधील रेषांच्या खुणाही ४०० हर्ट्झच्याच. सीडी४०४६ या चिपमधील दुसरा कंपॅरेटर दोन्हींची तुलना करून मोटरला ढील किंवा ओढ देतो. मात्र प्रत्येक चित्राची सुरुवात कळावी म्हणून या प्रमाणात एक खूण मुद्दाम गाळलेली असते, आणि कडांवर काम करणाऱ्या कंपॅरेटरला दर ८० मिलिसेकंदांनी तिचा हिसका बसतो. गाळणीचा कालांक (तिला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ) ८० मिलिसेकंदांहून बराच मोठा ठेवा, म्हणजे चित्र डुलणार नाही.

तबकडीमागे दुधी प्लास्टिक आणि त्यामागे पांढरे एलईडी. संगणकातून निघणारा सिग्नल एक व्होल्टचा असतो, आणि वाटेतल्या कपॅसिटरमुळे त्याची काळ्याची पातळी हरवते: चित्र उजळ असले की काळे अधिक गडद होते, चित्र अंधारे असले की काळे राखाडी होते. उपाय म्हणजे १ मायक्रोफॅरड, १एन४१४८ आणि १०० किलोओहमचा क्लॅम्प, म्हणजे काळ्याची पातळी पुन्हा बांधणारे सर्किट. पण तो लावण्याआधी टीएल०७२ या ॲम्प्लिफायर चिपने सिग्नल चार व्होल्टपर्यंत वाढवा. एक व्होल्टचा सिग्नल शून्याच्या दोन्ही बाजूंना अर्धाच व्होल्ट हलतो, सिलिकॉन डायोडला ०.६ लागतात, डायोड कधी उघडतच नाही आणि सर्किट बरोबर असूनही काम करत नाही.

चित्र आले पण आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटले, तर तबकडी पालथी बसली आहे. डोके खाली आणि डावे-उजवेही उलट, तर मोटरच्या तारा बदला. निगेटिव्हसारखे दिसले तर ॲम्प्लिफायरने ध्रुव उलटवला आहे. चेहरे फिकट आणि धुतल्यासारखे दिसले तर गॅमा (उजेडाच्या छटांची चढण) सुधारा, कारण एलईडीचा उजेड प्रवाहाच्या सरळ प्रमाणात वाढतो, जुन्या पडद्यासारखा नाही.

तबकडीची कड सेकंदाला जवळजवळ बारा मीटर धावते आणि ती धातूची आहे. मुलांच्या हाती देण्याआधी सभोवती ॲक्रिलिकची पेटी हवीच.

हाच ३२ रेषांचा सिग्नल रेडिओवरून पाठवता येईल का?
(सक्करदरा)

त्याला दहाएक किलोहर्ट्झ लागतात, हॅम बोलण्यासाठी वापरतात त्या एसएसबीच्या अडीच-तीन किलोहर्ट्झमध्ये तो मावत नाही. एचएफवर, म्हणजे लघुलहरींवर हा विचार सोडा. उजेडावरून पाठवा, तिथे रेडिओचा परवाना लागत नाही. एका गच्चीवर भिंगामागे एलईडी, समोरच्या गच्चीवर भिंगामागे बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड. रात्री करा. चित्रावर आठ उभे पट्टे स्थिर उभे दिसले तर रस्त्यावरचा दिवा आत शिरला आहे: तो सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, चित्रे साडेबारा, म्हणून प्रत्येक चित्रात बरोबर आठ. फोटोडायोडपुढे आतून काळी केलेली फूटभर पीव्हीसी नळी लावा आणि दिव्याकडे पाठ होईल अशी दिशा निवडा.